आतलं नेट, अंगणातली बाज

मामा, परवा दुपारी स्वराला पाजता पाजता माझा डोळा लागला आणि तुम्ही दारात उभे दिसलात. नेहमीसारखेच, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. हातात तुमच्या लेकाचा, महेशचा, तो जुना फोन, कोपऱ्यात काचेला तडा गेलेला. फोन माझ्यापुढं धरून तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, जरा बघ की गं. नुसतं गोल गोल फिरायलंय, जोडंना गेलंय." मी स्वप्नातसुद्धा तुमच्यावर वैतागले. म्हटलं, मामा, किती वेळा सांगायचं, आत या, आत रेंज आहे. तुम्ही हसलात आणि निंबाच्या सावलीत जाऊन इतके पातळ होत गेलात की तुमच्यातून गोठ्याचा पत्रा दिसायला लागला. जाग आली तेव्हा पोर दूध ओढायची थांबून माझ्याकडं बघत होती. बाहेर तुमच्या रिकाम्या बाजेवर कडुनिंबाचा फुलोरा पडत होता.

तुम्हाला जाऊन अजून तीन आठवडेही झाले नाहीत. सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणायची आपल्याकडची रीत. तेरहून लग्न करून सास्तूरला आले तेव्हा पहिले चार दिवस तो शब्द माझ्या तोंडात बसेना. पुढं असा बसला की सख्ख्या मामाला हाक मारली तरी डोळ्यापुढं तुम्हीच यायचात. आता हाक मारायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहिताना एक बरं असतं. तुम्ही मधेच "च्या टाक की" म्हणून विषय बदलू शकत नाही.

वायफाय आपल्या घरात माझ्यामुळं आलं. वस्तीवरच्या माझ्या शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरायची, आणि सिमच्या नेटला आपल्या गल्लीत कायमची साडेसाती. बोलणं होतं, चित्र येत नाही. म्हणून मी हट्टानं वायर घ्यायला लावली. ती जोडायला आलेला माणूस बाहेरगावचा होता. त्यानं वायफायचा डबा लावायला भिंतीवर उंच जागा बघितली, ड्रिल काढलं, आणि तुम्ही अंगणातून सांगितलंत, "भितीवर काय बी टांगायचं न्हाय." त्याला वाटलं भाडेकरू असतील. मग त्यानं घरभर नजर फिरवली आणि ड्रिल पिशवीत ठेवलं. आपल्या घरात डोक्याच्या वर काहीच नाही. फळी नाही, घड्याळ नाही, फोटो नाही. देवसुद्धा खाली कोनाड्यात. एक कॅलेंडर तेवढं आहे, कारण कागद अंगावर पडून कुणी मरत नाही, हे तुमचंच म्हणणं.

मग डबा गेला खाली. धान्याची पत्र्याची कोठी आणि लोखंडी कपाट यांच्या सांदीत, एका स्टुलावर. दोन्ही बाजूंनी पत्रा, तिसऱ्या बाजूला भिंत. नेटनं बाहेर यायचं तरी कुठून? शिवाय त्या डब्याचा सपाट माथा तुम्हाला आवडला, आणि तुम्ही तुमची राखणीची फुलपात्री त्यावर आणून ठेवलीत. एक सुलटं, त्याच्या तोंडावर एक पालथं, नुसतं टेकवलेलं. जमीन जराशी हलली तरी ती खणखणतात आणि माणूस जागा होतो. भूकंपानंतर सगळा गाव असं करायचा म्हणे. बाकीच्यांनी हळूहळू सोडून दिलं, तुम्ही तीस वर्षं सोडलं नाहीत. मी सकाळी ती फुलपात्री उचलून मांडणीत ठेवायची, संध्याकाळी ती परत डब्यावर. आपण दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आता ती तिथंच आहेत. मी उचलत नाही.

मला भूकंप माहीत होता, मामा. तेरलाही तो आला होता. भांडी पडली, एखाद्या भिंतीला चीर गेली, आणि माझ्या जन्माआधीची गोष्ट म्हणून ती आमच्या घरात सांगितली जायची. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे सास्तूरात गाव आडवं झालं, हे मी शाळेत पोरांना शिकवते. महेशची मोठी बहीण शकू आणि तुमची आई त्यात गेल्या, हेही लग्नाआधी कानावर आलं होतं. तुम्ही त्यानंतर कधी छताखाली झोपला नाहीत. उन्हाळा-हिवाळा निंबाखालची बाज, पावसाळ्यात गोठ्याचा पत्रा. वस्तू आणायला घरात जायचात आणि पाण्यात बुडी मारून वर यावं तसे बाहेर यायचात. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मला वाटायचं ही एक जुनी सवय आहे, सुटू शकते. मी मास्तरीण. मला सगळ्यांच्याच सवयी सोडवायच्या असतात.

महेश पुण्याला कंपनीत. पाळी सुटली की संध्याकाळी सहाला त्याचा फोन यायचा, चित्राचा. त्यासाठीच त्यानं आपला जुना फोन तुम्हाला दिला होता. त्यात सिम नाही, ते मामींच्या बटणाच्या फोनात. हा नुसता घरच्या वायफायवर चालायचा. साडेपाचपासून तुम्ही पटका नीट करून बाजेवर बसायचात. मग सुरू व्हायचं. "तोंड दिसायलंय, आवाज न्हाय." "आवाज आला, पर तोंड थिजलं बघ." एकदा महेश जांभई देताना थिजला आणि तुम्ही पाच मिनिटं त्या उघड्या तोंडाशी बोलत बसलात, सोयाबीनचं, पाण्याचं, मामींच्या गुडघ्याचं.

मी हातातलं काम टाकून यायची. विमानाचं चित्र दाबून सोडायची. वायफाय बंद करून चालू करायची. फोन पूर्ण बंद करून पुन्हा लावायची. त्याला तुम्ही "निजवून उठवणं" म्हणायचात. डबासुद्धा निजवून उठवून बघितला. दर वेळी निदान एकच निघायचं. फोनला काही झालेलं नव्हतं. डबा आत सांदीत, तुम्ही बाहेर बाजेवर, आणि मधे पत्रा, भिंत, अंगण.

"मामा, आत या. कोठीपाशी दोन मिनिटं उभं राहा, किती छान दिसतं बघा."

"आत नेट हाय, पर वारं न्हाय."

"बाहेर गारवा आहे, आजारी पडाल. आत या."

"त्यापरीस तूच डबा हिकडं आण की. त्या खिडकीत ठेव. खिडकी तर हाय."

अंगणाकडची खिडकी. किती साधं सांगत होता तुम्ही. पण माझी टेबल-खुर्ची आतल्या खोलीत, माझं काम तिथं. डबा हलवला तर माझं नेट कमी होणार. हे खरं कारण मी कधी सांगितलं नाही. पाऊस येईल, मांजर पाडेल, धूळ बसेल, असं एकेक सांगत गेले आणि शेवटी म्हटलं, "वायर पुरत नाही, मामा." तुम्ही लगेच ऐकलंत. तुम्ही शिकलेल्या माणसाचं ऐकायचात, हा तुमचा मोठा दोष होता.

मग मी बाळंतपणाला माहेरी गेले. जाताना एसटीपर्यंत सोडायला आलात आणि खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा आत दिल्यात. स्वरा झाली तेव्हा पहिला फोटो तुम्हालाच पाठवला. तो तुमच्यापर्यंत कसा पोचला ते मामींनी नंतर सांगितलं. त्या फोन घेऊन आत जायच्या, कोठीला टेकून उभ्या राहायच्या, फोटो उतरले की फोन पदरात धरून तुमच्याकडं बाहेर आणायच्या. आडावरून घागर आणावी तसं. घागर आणता येते, पण आड काही आणता येत नाही. चालतं-बोलतं, रडतं, जांभया देणारं लेकरू तुम्हाला बघायला मिळालं नाही. थिजलेलंच मिळालं.

म्हणून बारशाला तुम्ही दोन एसट्या बदलून तेरला आलात. आणि बारशाचं मी अजून गिळू शकलेले नाही, मामा. आमचं घर दुमजली, स्लॅबचं. पाळणा आतल्या खोलीत. तुम्ही मांडवात बसलात. मांडव तुम्हाला चालायचा. जेवणं झाली, नाव ठेवून झालं, तरी तुम्ही आत आला नाहीत. माझ्या आईचा चेहरा उतरला. "इवाई आत येईनात. आपलं काय चुकलं का?" असं ती दोनदा येऊन मला विचारून गेली. तुम्ही मामींकडून निरोप पाठवलात, पोरीला जरा मांडवात आणा म्हणून. मार्चातलं दुपारचं ऊन, सव्वा महिन्याचं लेकरू. मी दारात येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, तिला झळ लागेल. तुम्हीच आत या की. पाच मिनिटं."

तुम्ही उठलात. चपला काढल्यात. पायरी चढून उंबऱ्यावर एक पाय ठेवलात. मी बघत होते. तुमच्या कपाळावर घाम फुटला, आणि तुम्ही वर स्लॅबकडं बघितलंत, मग पाळण्याकडं, मग माझ्याकडं. "ऱ्हाऊ दे," म्हणालात. "झोपलीय ती. झोपू दे." आणि परत जाऊन चपला घातल्यात. तुमच्या नातीला तुम्ही हातात घेतलं नाही आणि चारच्या एसटीनं परत गेलात. मी तुमच्यावर इतकी चिडले होते की वाटेला लावायला मांडवाबाहेर आले नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच फोन आला, जसं काही झालंच नाही. पुढं दोन-चार दिवसांनी ते नेटचं नवं झेंगट. मामींनी आत नेलं तरी फोन जोडेना. सकाळी दहाची वेळ. मामींनी बटणाचा फोन तुमच्या कानाला लावून धरलेला, तुमच्या हातात दुसरा फोन, आणि मी तेरहून सांगतेय.

"वायफायचं नाव दिसतंय ना, त्याच्यावर बोट दाबून धरा."

"धरलंय."

"काय आलं?"

"दोन-तीन वळी आल्या. एक म्हणतंय जोडा. एक म्हणतंय इसरा."

"विसरा दाबा."

मागं नुसती कोंबडी ओरडत होती.

"मामा?"

"इसरायचं कशाला गं? वळखीचं हाय की ते. एकदा इसरलं आन् परत वळख धरलीच न्हाय तर?"

"धरतं, मामा. विसरून नव्यानं जोडलं की सरळ होतं. दाबा तुम्ही."

"दाबा की ओ," मामी म्हणाल्या. "मास्तरीण हाय ती. तिला कळत न्हाय व्हय?"

तुम्ही दाबलंत. फोननं घर विसरलं आणि पासवर्ड मागितला. तो तुम्हीच ठेवायला लावलेला, तुमच्या जुन्या बैलाचं नाव, सर्जा, पुढं चार आकडे. पण अक्षरं इंग्रजी. आकडे तुम्हाला यायचे, मराठी पेपर सगळा वाचायचात, इंग्रजी अक्षराशी कधी गाठ पडली नव्हती. मी म्हटलं, पहिलं अक्षर मोठं, नागासारखं वळलेलं.

"नागाचं तोंड कुण्या अंगाला?"

"उजव्या."

"माझ्या उजव्या का तुझ्या?"

मी हसले, तुम्हीही हसलात. तीनदा टाकलंत, तीनदा चुकलं. मी म्हटलं, अंगणात बसून करू नका मामा, आत या, बाहेर रेंज पोचत नाही. तेवढ्यात स्वरा उठली, रडायला लागली, आणि माझा पेशंस संपला. म्हटलं, "राहू द्या आता. पुढच्या महिन्यात मी येतेच आहे, आल्यावर करून देते. एवढी काय घाई आहे?"

"घाई न्हाय गं," तुम्ही म्हणालात. "पोर वाढायलीय, म्हणून म्हणलो."

त्यानंतर मी रोज फोटो पाठवत राहिले, व्हिडिओ पाठवत राहिले. स्वरा हसायला शिकली, मूठ तोंडात घालायला शिकली. प्रत्येकाच्या खाली एकच बारीक खूण, म्हणजे माझ्याकडून निघालं, तुमच्याकडं पोचलं नाही. बटणाच्या फोनवर मी तुम्हाला सगळं वर्णन करून सांगायची आणि तुम्ही म्हणायचात, "व्हय का? हसती का? कशी हसती?" आता कशी हसते हे शब्दात कसं सांगणार? म्हटलं, तुमच्यासारखी.

त्या पासवर्डच्या फोननंतर आठव्या दिवशी दुपारी जेवून बाजेवर पडलात. चारला मामी चहा घेऊन आल्या तर तुम्ही उठला नाहीत. शांत गेलात, सगळे म्हणतात. चेहऱ्यावर निंबाची सावली हलत होती म्हणून मामींना आधी वाटलं तुम्ही जागेच आहात. त्यांनी चहा उशाशी ठेवला, शेजारी बसल्या, आणि चांगली दोन-चार वाक्यं तुमच्याशी बोलल्या.

मी लेकराला घेऊन आले तेव्हा तुम्हाला अंगणातच ठेवलं होतं. कुणीतरी म्हणालं, ऊन आहे, आत घ्या. मामी म्हणाल्या, "न्हाय. हितंच." मला तेव्हा तेवढंच कळलं की त्यांना तुमची सवय मोडायची नाही.

तेरावं झालं. भावकीतले म्हणाले बाज कुणालातरी देऊन टाका, रीत असते. मामींनी कपडे दिले, चपला दिल्या, छत्री दिली. बाज दिली नाही. पाहुणे गेल्यावर दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मामी हरभऱ्याची डाळ निवडत होत्या, स्वरा मांडीवर. मी तुमचा फोन चार्जिंगला लावला होता, बघावं म्हटलं काय झालंय त्याला. आणि सहज, खरंच सहज, मी म्हटलं, "मामी, मामा एकदा तरी आत आले असते तर बारशाला पोरीला घेता आलं असतं. मी किती म्हटलं आत या, आत या."

मामींचा हात सुपात थांबला. म्हणाल्या, "तुला ठाव न्हाय का?"

मग त्यांनी सांगितलं. भूकंपाच्या वेळी त्याही माहेरी होत्या, महेश पोटात. गणपती बोळवायची रात्र. शकू सहा वर्षांची. मिरवणूक बघून दमून आली आणि बाहेर ओट्यावरच झोपली. गार वारं सुटलं म्हणून तुम्ही तिला उचललंत. ती तुम्हाला दादा म्हणायची. झोपेत म्हणाली, हितंच ऱ्हाऊ दे, दादा. तुम्ही म्हणालात, गारवा लागंल बाळा, आत चल. आत नेऊन तिच्या आजीजवळ निजवलंत, पांघरूण घातलंत, आणि पुन्हा गणपतीच्या मांडवाकडं गेलात, सामान आवरायला. पहाट होईपर्यंत तिथंच होतात.

"मला एकदाच सांगितलं ह्यांनी," मामी म्हणाल्या. "परत कधी त्यो शबुद न्हाय काढला. महेशला बी ठाव न्हाय. कुणालाच कधी आत ये म्हणले न्हाईत, ध्यानात आलं का तुझ्या? पाव्हणा आला तरी म्हणायचे, बसा की हितं."

ध्यानात आलं नव्हतं, मामा. पाच वर्षं तुमच्या घरात राहिले, रोज तुमच्या हातात ताट दिलं, आणि ध्यानात आलं नाही. तुमच्यासमोर उभी राहून, तेरहून फोनवर, बारशात चारचौघांत, मी एकच वाक्य म्हणत राहिले. गारवा आहे, आत या. झळ लागेल, आत या. तुम्ही एकदाही मला थांबवलं नाहीत. एकदा सांगितलं असतंत तर? मी हे तुम्हाला रागानं विचारते आहे. मग मलाच वाटतं, कसं सांगणार होता? ते सांगायला ‘आत चल’ हे शब्द पुन्हा तोंडातून काढावे लागले असते.

त्यानंतर दोन दिवस मला काही सुचेना. दुपारी दुपारी ग्लानी यायची. जाग आणि झोप यांच्या मधे तुम्ही अंगणात फिरत असायचात, शेळीला पाला टाकताना, निंबाखाली पाणी शिंपडताना. काल सकाळी मी बाजेवरची उशी उन्हात टाकायला उचलली. अभ्र्याच्या आत कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं, चार घड्या केलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं नाग काढलेले. ओळीच्या ओळी. पहिले सगळे उलट्या तोंडाचे, मग काही आडवे, मग हळूहळू सरळ होत गेलेले. मधे कुठंतरी पेन रुसलं म्हणून जोरात गिरवलेलं. आणि शेवटच्या ओळीत पूर्ण पासवर्ड, पहिलं अक्षर मोठं, मग मी फोनवर सांगितलेली बाकीची, पुढं आकडे. एकही चूक नाही. माझ्या शाळेतली पोरं वर्षभरात इतकं गिरवत नाहीत. त्या पानावर मी रडले, मामा, आणि मग मला तुमचा अभिमान वाटला, आणि मग पुन्हा रडले.

म्हणजे तुम्हाला जमलं होतं. घोडं अक्षरावर अडलं नव्हतं. तुम्ही बरोबर टाकत होता आणि ते अंगणापर्यंत पोचतच नव्हतं.

मी मामींना हाक मारली. दोघींनी मिळून कोठी पुढं ओढली. तीन-चार वर्षांत तिथं कुणी हात घातला नव्हता. जाळी, धूळ, ज्वारीचे दाणे, आणि डब्याच्या मागं वायरीचं भेंडोळं. त्या जोडणाऱ्या माणसानं शहाणपणानं जास्तीची वायर सोडून ठेवली होती, वेढ्यावर वेढे घालून, दोऱ्यानं बांधून. मी दोरा तोडला. वायर खिडकीपर्यंत गेली. खिडकीतून बाहेर निंबापर्यंत गेली असती, इतकी होती. मी कधी मोजलीच नव्हती. मामींनी खिडकीचा कट्टा पदरानं पुसून दिला. डबा तिथं ठेवला. फुलपात्री त्यांनी स्वतःच आणून त्याच्यावर ठेवली, एक सुलटं, एक पालथं.

दिवस कलला तेव्हा मी स्वराला घेऊन बाहेर आले आणि तुमच्या बाजेवर बसले. सुतळी मधे तुमच्याएवढी खोल गेली आहे, तिथं तिला निजवलं. अंगावर निंबाची फुलं पडत होती आणि ती प्रत्येक फुलाकडं दचकून बघत होती. तुमचा फोन उघडला. तुमचं पान शेजारी धरलं आणि त्याच्याकडं बघून पासवर्ड टाकला, तुमच्या नागापासून सुरू करून. गोल फिरलं. थांबलं. जोडलं गेलं.

मग तो फोन वाजायला लागला. टिंग. टिंग. एक झाला की एक. मी पाठवलेले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ एकामागून एक उतरत होते, आणि माझ्या फोनवर एकेका खुणेच्या दोन खुणा होत होत्या. हसणारी स्वरा, मूठ चोखणारी स्वरा, माझ्या आईच्या पायावर न्हाणारी स्वरा. फोन बाजेवर तिच्या शेजारी पडून वाजत होता आणि ती त्या आवाजाकडं मान वळवून हसत होती. बघा, अशी हसते. मला हेच सांगता येत नव्हतं.

सहाला महेशचा फोन त्याच फोनवर आला. सवयीनं लागला असेल, की माझ्या मेसेजमुळं, मी विचारलं नाही. पडद्यावर त्याला तुमची बाज दिसली, पोर दिसली, वर निंब. तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मला वाटलं थिजला. मग म्हणाला, "आज लई क्लिअर दिसायलंय."

फोन ठेवल्यावरही मी तिथंच बसून होते. तुम्हाला सांगायचं होतं की मी बाहेर आले आहे. उशिरा आले, पण आले. शिवेकडून गार वारं सुटलं, पानं हलायला लागली. मामी दारात आल्या. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अगदी तुमच्यासारख्या. स्वराकडं बघून म्हणाल्या, "गारवा लागंल गं पोरीला, आ..."

आणि तिथंच थांबल्या. आमची दोघींची नजर एकमेकींना भिडली. मग त्या वळून घरात गेल्या, तुमची धुऊन ठेवलेली वाकळ घेऊन बाहेर आल्या, आणि बाजेवर तिच्या अंगावर घातली.